हार्ट अटॅकमधली तातडीची अँजिओप्लास्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्ट अटॅक चालू असतानाच बंद पडलेली धमनी तार, फुगा आणि स्टेंट (जाळीदार बारीक नळी) वापरून आतून उघडण्याला डॉक्टर ‘प्रायमरी अँजिओप्लास्टी’ म्हणतात. या पानावर फक्त तिचीच माहिती आहे. तारीख ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीचे हिशेब वेगळे असतात. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या छातीत या क्षणी दुखत असेल, तर हे पान नंतर वाचा. आधी १०८ ला फोन करा.

हार्ट अटॅकमध्ये नक्की काय बंद पडतं?

हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला तीन मुख्य धमन्या रक्त पुरवतात. डावीकडे एलएडी आणि सर्कमफ्लेक्स, उजवीकडे आरसीए. या धमन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साठतो आणि एके दिवशी त्याच्यावरचं पातळ आवरण फाटतं. जखम झाली असं समजून शरीर तिथे रक्ताची गुठळी तयार करतं, आणि ती गुठळीच धमनी बंद करते. फाटणारा थर फार मोठा असतोच असं नाही. ३०-४० टक्के अडथळासुद्धा फाटू शकतो. म्हणून ‘मागच्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली होती’ हे ऐकून डॉक्टरांना आश्चर्य वाटत नाही.

धमनी पूर्ण बंद झाली की ईसीजीमध्ये एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसतो. अशा अटॅकला ‘स्टेमी’ म्हणतात, आणि तातडीची अँजिओप्लास्टी मुख्यतः त्याच्यासाठी असते. रक्त थांबल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांत स्नायू मरायला लागतो. ही मर आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे सरकते आणि सहा तासांच्या आसपास त्या भागातला बहुतेक स्नायू गेलेला असतो. मेलेला स्नायू परत वाढत नाही, तिथे व्रण राहतो. पुढे वर्षानुवर्षं धाप लागणार की माणूस पूर्वीसारखा जिने चढणार, हे बऱ्याच अंशी या पहिल्या तासांत ठरतं.

दुखायला लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत घरी काय करायचं?

आहे तिथे बसवा. चालवू नका, जिना चढउतार करू देऊ नका, बाथरूमला एकटं पाठवू नका. १०८ ला फोन करून ‘छातीत दुखतंय, घाम आलाय’ हे शब्द स्पष्ट सांगा. रुग्णाने स्वतः गाडी किंवा स्कूटर चालवत जाणं सगळ्यात धोक्याचं. पहिल्या तासात हृदयाची लय अचानक बिघडून माणूस जागीच कोसळू शकतो.

३०० ते ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. घरात इकोस्प्रिन १५० असेल तर दोन गोळ्या. चावायलाच सांगा, कारण या गोळ्यांवर लेप असतो आणि अख्खी गिळली तर ती उशिरा लागू होते. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल, पोटात रक्तस्राव चालू असेल किंवा पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर देऊ नका.

सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी जिभेखालची गोळी, तिच्याबद्दल आमचं मत ठाम आहे. डॉक्टरांनी पूर्वी लिहून दिली असेल तरच ती जिभेखाली ठेवा, तीही बसलेल्या स्थितीत. शेजाऱ्याच्या डब्यातली घेऊ नका. तिने रक्तदाब उतरतो. हृदयाच्या उजव्या बाजूला मार बसला असेल तर तो इतका कोसळतो की सलाइन लावून वर आणावा लागतो. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल (वायग्रा) किंवा ४८ तासांत त्याच गटातली टाडालाफिल घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नको, आणि ही गोष्ट लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.

माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्या. प्रत्येक दाबाला छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. मदत येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्याला पुढे करा. जोरजोरात खोकल्याने अटॅक थांबतो, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला खोटा आहे.

गॅस आहे की अटॅक, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

ओळखता येत नाही, आणि ओळखत बसण्यातच सर्वाधिक वेळ जातो. इनो, सोडा, ओवा, पाठ चोळणं, ‘झोपून बघ जरा’ असं करता करता दोन-तीन तास निघून जातात. अटॅकचं दुखणं बहुधा एका बोटाने दाखवता येत नाही. रुग्ण पूर्ण तळहात छातीवर ठेवतो. दाबल्यासारखं, आवळल्यासारखं, कधी नुसतं जळजळल्यासारखं वाटतं. ते डाव्या हातात, दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाऊ शकतं. थंड घाम आणि उलटी सोबत असेल तर शंका बळावते. मधुमेह असलेल्यांत, वयस्करांत आणि बायकांत छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, प्रचंड थकवा किंवा मळमळ एवढंच असू शकतं. घरातल्या बायकांचं दुखणं ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून बाजूला पडतं आणि त्या उशिरा हॉस्पिटलात पोचतात, हे वारंवार दिसतं.

खरं उत्तर ईसीजी देतो. तो पहिल्यांदा भेटलेल्या डॉक्टरांकडे दहा मिनिटांत निघाला पाहिजे. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल, तर घरी जाऊ नका. दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा. सर्कमफ्लेक्स बंद असेल तर ईसीजीच्या नेहमीच्या १२ लीडमध्ये (बारा बाजूंनी घेतलेल्या रेघांमध्ये) फारसं दिसत नाही, त्यासाठी पाठीवर व्ही७ ते व्ही९ लीड लावावे लागतात. खालच्या भिंतीचा अटॅक असेल तर छातीच्या उजव्या बाजूचे लीडही बघतात. ट्रोपोनिन ही रक्ततपासणी उपयोगी आहे, पण ती वाढायला काही तास लागतात. ईसीजीत स्टेमी स्पष्ट असताना ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी थांबणं म्हणजे स्नायू घालवणं.

कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं? मोठ्या शहरात नेलेलं बरं ना?

हॉस्पिटल केवढं मोठं आहे याने फरक पडत नाही. तिथे या वेळेला, रात्री तीन वाजता, कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची एक्स-रे यंत्राची खोली) चालू आहे का, एवढाच प्रश्न आहे. निघतानाच फोन करून विचारा: ‘कॅथलॅब आत्ता चालू आहे का? कार्डिऑलॉजिस्ट किती वेळात पोचतील? मशीन दुरुस्तीला तर नाही ना?’ ज्या डॉक्टरांनी ईसीजी काढला त्यांच्याकडून त्याचा फोटो पुढच्या हॉस्पिटलला पाठवून घ्या. तुम्ही रस्त्यात असतानाच तिथली टीम जमू लागते आणि पोचल्यावरचा अर्धा तास वाचतो.

साधा नियम असा. ईसीजीत स्टेमी दिसल्यापासून १२० मिनिटांच्या आत धमनीत तार जाईल अशी खात्री असेल, तर थेट कॅथलॅब. ती खात्री नसेल, तर जवळच्या जागी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्या आणि मग पुढे निघा. हे १२० मिनिटं प्रवासाचे नाहीत. त्यात अ‍ॅम्ब्युलन्स येण्याची वाट, घाटातला ट्रॅफिक, हॉस्पिटलचा कागदी व्यवहार आणि टीम जमण्याचा वेळ सगळा धरायचा. सावंतवाडीच्या रुग्णाला बहुधा वेळेत बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज गाठता येईल. भामरागडच्या रुग्णाला नागपूर या वेळेत गाठणं शक्य नाही, त्याच्यासाठी इंजेक्शन हाच पहिला उपचार. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात किंवा मेळघाटात हाच विचार करावा लागतो.

१०८ च्या सगळ्या गाड्या सारख्या नसतात. काही साध्या जीवरक्षक, तर काही प्रगत, ज्यांत मॉनिटर, शॉक देण्याचं यंत्र आणि व्हेंटिलेटर असतो. फोनवर छातीचं दुखणं सांगितलं तर प्रगत गाडी पाठवता येते का ते बघतात, म्हणून नुसतं ‘पेशंट आहे, लवकर या’ म्हणू नका. ज्या हॉस्पिटलात कॅथलॅब नाही, तिथून रुग्ण ३० मिनिटांच्या आत पुढे निघाला पाहिजे. तिथे इको (हृदयाची सोनोग्राफी), एक्स-रे आणि सगळ्या रक्ततपासण्या करत बसण्याची गरज नाही.

गोव्यात २०१८ पासून ‘स्टेमी गोवा’ उपक्रमात गावागावांतल्या सरकारी केंद्रांवर काढलेला ईसीजी लगेच वाचला जातो, इंजेक्शन तिथेच मोफत दिलं जातं आणि रुग्ण बांबोळीला पाठवला जातो. महाराष्ट्रातही काही जिल्ह्यांत अशी साखळी उभी राहिली आहे. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी यंत्र आणि टेनेक्टेप्लेस, म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, आहे का, हे आज, कोणाच्या छातीत दुखत नसताना, चौकशी करून ठेवा.

इंजेक्शन आणि अँजिओप्लास्टी यांत चांगलं काय?

दोन्ही वेळेत मिळत असतील तर अँजिओप्लास्टी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात इंजेक्शनच्या गटात ९ टक्के, तर अँजिओप्लास्टीच्या गटात ७ टक्के रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत दगावले. पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण ७ विरुद्ध ३ टक्के होतं. पण उशिरा झालेल्या अँजिओप्लास्टीपेक्षा लवकर दिलेलं इंजेक्शन सरस ठरू शकतं, विशेषतः दुखणं सुरू होऊन तीनच तास झालेले असताना. गुठळी तेव्हा ताजी असते आणि औषधाला लवकर दाद देते.

टेनेक्टेप्लेस एकाच झटक्यात शिरेतून देतात, वजनावर: ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ६० ते ७० ला ३५, ७० ते ८० ला ४०, ८० ते ९० ला ४५ आणि त्यावर ५०. ७५ वर्षांपुढे निम्मा डोस देणं सुरक्षित मानतात. स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त आहे, १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत सोडतात. त्याने रक्तदाब उतरतो, आणि एकदा दिल्यावर पुन्हा देत नाहीत कारण शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. इंजेक्शनसोबत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम (७५ वर्षांपुढे फक्त ७५) आणि हेपरिनच्या गटातलं, रक्त गोठू न देणारं औषध असतंच.

मुख्य धोका मेंदूतल्या रक्तस्रावाचा, शंभरात साधारण एकाला. म्हणून पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, अलीकडे पक्षाघात झाला असेल, गेल्या महिन्यात डोक्याला मोठा मार, मोठं ऑपरेशन किंवा पोटातून रक्तस्राव झाला असेल, तर इंजेक्शन देत नाहीत. अशा रुग्णाला कितीही लांब असलं तरी कॅथलॅबच गाठायची. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर आधी तो खाली आणतात.

‘इंजेक्शन दिलं, दुखायचं थांबलं, आता घरी जाऊ’ असं इथे चालत नाही. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात. उचललेला एसटी निम्म्याहून खाली आला नसेल, तर औषध फसलं असं समजून त्याच क्षणी कॅथलॅबकडे निघायचं. २०१३ च्या ‘स्ट्रीम’ चाचणीत इंजेक्शन घेतलेल्यांपैकी तिघांतल्या एकाहून थोड्या जास्त जणांना अशी तातडीची अँजिओप्लास्टी लागली. औषध लागू पडलं तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी (रंगद्रव्य सोडून घेतलेलं धमन्यांचं एक्स-रे चित्र) करून घ्यायची, कारण गुठळी विरघळली तरी खालचा फाटलेला थर तसाच असतो.

हॉस्पिटलात पोचल्यावर ९० मिनिटांत काय काय होतं?

दारातून आत आल्यापासून फुगा फुगेपर्यंत ९० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असं मानक आहे. चांगली केंद्रं ६० मिनिटांचं लक्ष्य ठेवतात. १० मिनिटांत ईसीजी, लगेच कॅथलॅबला निरोप. हाताला सलाइनची सुई, शक्यतो डाव्या हाताला, कारण उजवं मनगट बहुधा प्रक्रियेसाठी लागतं. अ‍ॅस्पिरिन घेतलं नसेल तर इथे देतात. सोबत गुठळी रोखणारी दुसरी गोळी: टिकाग्रेलोर १८० मिलिग्रॅम, किंवा प्रासुग्रेल ६०, किंवा या दोन्ही चालत नसतील तर क्लोपिडोग्रेल ६००. पूर्वी पक्षाघात झालेल्याला प्रासुग्रेल देत नाहीत, त्यामुळे ही माहिती दडवू नका. ऑक्सिजन सगळ्यांना लावत नाहीत, रक्तातलं प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली असेल तरच.

उशीर होतो तो बहुधा वैद्यकीय कारणांनी होत नाही. डिपॉझिटची जमवाजमव, गावाहून मोठा भाऊ येईपर्यंत सही न करणं, तीन डॉक्टरांना फोनवर मत विचारणं, रात्री तंत्रज्ञ घरून येणं यांत तो होतो. यातलं शेवटचं हॉस्पिटलच्या हातात आहे, बाकीचं बहुतेक आपल्या हातात.

कॅथलॅबमध्ये प्रत्यक्षात काय करतात?

मनगटाजवळ १-२ मिलिलिटर भुलीचं औषध टोचतात आणि सुईने रेडियल धमनीत ६ फ्रेंचची, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर पोकळीची बारीक नळी बसवतात. मनगटाची धमनी आकसू नये म्हणून नायट्रोग्लिसरीन किंवा व्हेरापॅमिल सोडतात. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन, किलोला ७० ते १०० युनिट. मनगटातून केलं की जांघेतून करण्यापेक्षा रक्तस्राव कमी होतो, म्हणून आता तीच पहिली पसंती. मनगटाची धमनी फार बारीक किंवा वळणाची असेल, किंवा रुग्ण शॉकमध्ये (रक्तदाब पार कोसळलेला) असून नाडी लागतच नसेल, तर जांघेतून जावं लागतं.

लांब कॅथेटर हृदयाच्या धमनीच्या तोंडापर्यंत नेऊन आयोडीनयुक्त रंगद्रव्य सोडतात आणि एक्स-रेवर चित्र घेतात. बंद धमनी मध्येच तुटल्यासारखी दिसते. मग ०.०१४ इंच, म्हणजे साधारण ०.३६ मिलिमीटर जाडीची तार गुठळीतून पलीकडे नेतात. हा सगळ्यात कौशल्याचा भाग. तार चुकून भिंतीच्या थरात शिरली तर धमनी आतून चिरते. पुष्कळदा नुसती तार पलीकडे गेली की रक्त थोडं वाहायला लागतं. तारेवरून २ ते २.५ मिलिमीटरचा फुगा नेऊन काही सेकंद फुगवतात. नंतर धमनीच्या मापाचा, उदाहरणार्थ ३ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर लांब, औषधी लेपाचा स्टेंट बसवतात. स्टेंट भिंतीला नीट टेकला नाही तर तिथे पुन्हा गुठळी होते, म्हणून गरजेप्रमाणे जास्त दाबाचा कडक फुगा वापरून तो पक्का करतात.

गुठळी शोषून काढायची नळी पूर्वी सर्रास वापरत. २०१३ ची ‘टेस्ट’ आणि २०१५ ची ‘टोटल’ या मोठ्या चाचण्यांत तिचा नेहमीचा वापर फायद्याचा दिसला नाही, त्यामुळे आता गुठळी फारच मोठी असेल तेव्हाच ती काढतात. शेवटी प्रवाहाला ० ते ३ अशी श्रेणी देतात. ३ म्हणजे रंगद्रव्य टोकापर्यंत झटपट पोचतंय. रिपोर्टमध्ये ‘टिमी ३’ लिहिलेलं दिसलं तर ते चांगलं लक्षण.

सगळं मिळून बहुधा अर्धा ते एक तास लागतो. मनगटावर हवा भरलेला पट्टा बांधतात आणि काही तासांत टप्प्याटप्प्याने सैल करतात.

रुग्ण शुद्धीवर असतो का?

हो. संपूर्ण भूल देत नाहीत. मनगटाला टोचणं जाणवतं, रंगद्रव्य सोडताना अंगात ऊब पसरते, फुगा फुगताना छातीत क्षणभर तेच दुखणं येतं. दम लागला, खाज सुटली, दुखणं वाढलं तर लगेच सांगायचं, पण हलायचं नाही.

काय बिघडू शकतं?

धमनी उघडल्यावर लगेच काही मिनिटं लय बदलते. अडलेला स्नायू जागा होताना असं होतं आणि पुष्कळदा ते आपोआप शांत होतं. उजवी धमनी उघडताना नाडी मंदावून रक्तदाब कोसळू शकतो, त्याला अ‍ॅट्रोपिन आणि सलाइन देतात. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे हृदय धडधडण्याऐवजी नुसतं थरथरणं, झालं तर विजेचा शॉक द्यावा लागतो. कॅथलॅबमध्ये यंत्र हाताशी असतं, म्हणूनच तिथे झालेलं फिब्रिलेशन घरी झालेल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा आटोक्यात येतं.

नातेवाइकांना समजायला सर्वात अवघड प्रकार म्हणजे ‘नो-रिफ्लो’. मोठी धमनी उघडलेली दिसते, स्टेंट उत्तम बसलेला असतो, तरी रक्त पुढे सरकत नाही. गुठळीचे सूक्ष्म कण, सुजलेल्या पेशी आणि आकसलेल्या केसासारख्या वाहिन्या यांनी पुढचं जाळं तुंबलेलं असतं. अ‍ॅडेनोसिन, नायट्रोप्रुसाइड किंवा निकोरँडिल थेट धमनीत सोडतात. त्याने सुटेल अशी हमी नसते. उशिरा आलेल्यांत आणि मोठ्या गुठळीत हे जास्त होतं. ‘स्टेंट टाकला तरी पेशंट का गेला’ या प्रश्नाचं एक उत्तर इथे असतं. दुसरं उत्तर कार्डिओजेनिक शॉक: स्नायू इतका गेलेला असतो की हृदय रक्तदाबच धरू शकत नाही. अशा रुग्णांत अँजिओप्लास्टी करूनही मृत्यूचं प्रमाण खूप असतं.

याशिवाय पोटातून किंवा टोचल्या जागी रक्तस्राव, रंगद्रव्याने मूत्रपिंडावर ताण, क्वचित धमनीला भोक पडणं, क्वचित पक्षाघात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधीच वाढलेलं असेल तर रंगद्रव्य कमीत कमी वापरतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर सांगा. मूत्रपिंड नाजूक असतील तर ती थोडे दिवस थांबवतात. मासळीची अ‍ॅलर्जी म्हणजे रंगद्रव्याची अ‍ॅलर्जी नव्हे, पण पूर्वी सीटी स्कॅनच्या रंगद्रव्याने त्रास झाला असेल तर आवर्जून सांगा.

दुसऱ्या धमन्यांतही ब्लॉकेज निघाले. सगळे एकदमच का काढत नाहीत?

अटॅक ज्या धमनीमुळे आला ती आधी. रुग्ण स्थिर असेल तर बाकीचे मोठे अडथळे त्याच मुक्कामात किंवा पुढच्या काही आठवड्यांत काढतात. २०१९ च्या ‘कम्प्लीट’ चाचणीत ते काढल्याने पुढचे अटॅक कमी झाले. रुग्ण शॉकमध्ये असेल तर मात्र दोषी धमनीच उघडून थांबायचं. २०१७ च्या ‘कल्प्रिट-शॉक’ चाचणीत सगळ्या धमन्यांना एकदम हात लावलेल्यांत मृत्यू जास्त झाले. म्हणून ‘एकच का केला’ आणि ‘दुसरा नंतर कशाला’ या दोन्ही शंकांमागे पैशांचाच खेळ असेल असं धरून चालू नका. अडथळा किती टक्के आणि कुठल्या धमनीत, हे सीडीवर दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

अशा वेळी थेट बायपास का नाही?

बायपासची तयारी करून रक्त पोचवायला तास लागतात, फुग्याला मिनिटं. धमनीची रचना अँजिओप्लास्टीला अजिबात योग्य नसेल, किंवा अटॅकमुळे हृदयाचा पडदा किंवा झडप फाटली असेल, तर शस्त्रक्रिया लागते.

दुखणं सुरू होऊन १२ तास उलटले. आता उपयोग आहे का?

दुखणं चालूच असेल, दम लागत असेल, रक्तदाब कमी असेल किंवा लय बिघडत असेल, तर १२ तासांनंतरही तातडीने करतात. लक्षणं शमलेली असली तरी १२ ते ४८ तासांत करण्याचा विचार होतो. मात्र धमनी पूर्ण बंद होऊन बरेच दिवस उलटलेले, रुग्णाला काही त्रास नाही, तर ती मुद्दाम उघडून फायदा होत नाही. २००६ च्या ‘ओट’ चाचणीत ३ ते २८ दिवसांनंतर उघडलेल्या धमन्यांबाबत हेच दिसलं. तेव्हा आठवड्यानंतर कोणी ‘लगेच स्टेंट टाका, नाहीतर काही खरं नाही’ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ असतो.

सही कोणी करायची?

रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यानेच. पतीची, मुलाची किंवा घरातल्या कर्त्या माणसाची वाट बघावी लागत नाही. रुग्ण बेशुद्ध असून जिवाला धोका असेल आणि जवळचं कोणी नसेल, तर डॉक्टर उपचार सुरू करू शकतात.

खर्च किती, आणि योजनेत बसतं का?

शहर, हॉस्पिटल आणि खोलीनुसार खर्चात फार फरक पडतो, त्यामुळे एक आकडा देणं फसवं ठरेल. स्टेंटची किंमत मात्र सरकारने बांधून दिली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली गेली. त्याआधी एकेक स्टेंट लाखाच्या वरही विकला जात असे. कमाल किंमत त्यानंतर वेळोवेळी बदलली आहे. बिलात स्टेंटचं नाव, कंपनी आणि किंमत वेगळी दाखवली पाहिजे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अँजिओप्लास्टीचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. ती फक्त योजनेतल्या हॉस्पिटलांत लागू होते. आत शिरताच ‘आरोग्यमित्र’ (योजनेचे मदतनीस) कुठे बसतात ते विचारा. रेशन कार्ड आणि आधार घरी राहिलं तरी तातडीच्या केसमध्ये आधी फोनवर मंजुरी घेऊन कागद नंतर देता येतात, तेव्हा कागदांसाठी रुग्णाला दारात थांबवू नका. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. पैसे भरण्याआधी योजनेबद्दल विचारा. एकदा रोख रुग्ण म्हणून नोंद झाली की नंतर बदलणं कटकटीचं होतं.

देशी स्टेंट की इम्पोर्टेड?

अटॅक चालू असताना या प्रश्नावर पाच मिनिटंही घालवू नका. औषधी लेपाचा, नव्या पिढीचा आणि धमनीच्या मापाचा स्टेंट पुरे. योग्य मापाचा देशी स्टेंट नीट बसवला, तर तो चुकीच्या मापाच्या महागड्या स्टेंटपेक्षा केव्हाही चांगला.

गोळ्या किती दिवस? एखादा दिवस चुकली तर?

अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम बहुधा कायम. दुसरी गोळी साधारण १२ महिने: टिकाग्रेलोर ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा प्रासुग्रेल १० एकदा (वजन ६० किलोच्या आत किंवा वय ७५ च्या पुढे असेल तर ५), किंवा क्लोपिडोग्रेल ७५ एकदा. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर हा काळ कमी करतात. तो निर्णय त्यांचा. स्टेंटचा धातू उघडा असेपर्यंत त्याच्यावर गुठळी बसू शकते. पहिला महिना सगळ्यात नाजूक. त्या काळात गोळ्या बंद केल्याने स्टेंट अचानक बंद पडला, तर तो नवा मोठा अटॅक असतो आणि पुष्कळदा जीवघेणा ठरतो.

गोळ्या बंद होतात त्या ठरलेल्या कारणांनी. दात काढायचा म्हणून दंतवैद्य थांबवायला सांगतात. हिरडीतून थोडं रक्त आलं. गावच्या यात्रेला गेल्यावर डबा विसरला. कोणी काढा सुरू केला आणि ‘इंग्रजी औषधं बंद करा’ म्हटलं. उपवासाच्या दिवशी गोळी टाळली. दात बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनही काढता येतो. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर आधी कार्डिऑलॉजिस्टना विचारा, मगच तारीख घ्या. टिकाग्रेलोरने काहींना धाप लागल्यासारखं होतं. ते कळवलं तर गोळी बदलून देतात, स्वतःहून थांबवू नका. उशीर झाला तर आठवताच घ्या, पण दोन डोस एकदम नकोत.

सोबत कोलेस्टेरॉल उतरवणारं अटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम असतं. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून ती बंद करायची नसते. अटॅक येऊन गेलेल्यांत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५ च्याही खाली ठेवायचं लक्ष्य असतं, आणि लॅबच्या छापील कागदावर ‘नॉर्मल’ म्हणून दिलेली मर्यादा निरोगी लोकांसाठी असते. पहिली तपासणी ४ ते ६ आठवड्यांनी करा. तंबाखू, मिश्री आणि बिडी पूर्ण बंद. मिश्रीही तंबाखूच आहे, हे घरातल्या आजीलाही सांगायला हवं.

घरी कधी सोडतात? नंतर काय चालतं?

सगळं सुरळीत असेल तर दोन-तीन दिवसांत. सोडण्याआधी इको करून हृदयाचं पंपिंग बघतात. ४० टक्क्यांच्या खाली असेल तर त्यासाठी वेगळी औषधं सुरू होतात आणि काही आठवड्यांनी इको पुन्हा करतात. बधिर झालेला स्नायू तोवर पुष्कळदा सावरतो. मनगटाने आठवडाभर जड उचलू नका. घरात चालणं पहिल्या दिवसापासून, मग रोज थोडं वाढवत. बैठं काम असेल तर दोन-तीन आठवड्यांत, अंगमेहनतीचं असेल तर तपासणीनंतर. सपाटीवर वेगाने चालून आणि दोन जिने चढून त्रास होत नसेल, तर लैंगिक संबंधांना हरकत नसते. एमआरआय करता येतो, विमानतळाच्या दारातून जाता येतं, मोबाइल खिशात ठेवता येतो.

स्टेंटनंतर पुन्हा छातीत दुखलं तर?

टोचल्यासारखं, एका बिंदूवर, श्वासागणिक बदलणारं दुखणं पहिल्या दिवसांत बऱ्याच जणांना होतं. पण अटॅकच्या वेळी झालं होतं तसंच दुखणं परत आलं आणि पाच मिनिटांत थांबलं नाही, तर ‘आत्ताच तर स्टेंट टाकलाय’ असं म्हणत घरी थांबू नका. १०८, ईसीजी आणि शक्यतो तीच कॅथलॅब.

त्या वेळी सोबत असावेत म्हणून पुढचे कागद एका पाकिटात ठेवा आणि ते कुठे आहे हे घरात दोघांना तरी सांगा: डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचा स्टिकर लावलेलं कार्ड, सोडतानाचा ईसीजी, इकोचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची डोससह यादी आणि योजनेचं किंवा विम्याचं कार्ड. सोडतानाच्या ईसीजीचा फोटो फोनमध्येही असू द्या. नवा ईसीजी काढणाऱ्या डॉक्टरांना काय जुनं आणि काय नवं, हे त्याच्याशी ताडून लगेच कळतं.